थंड पाण्याच्या लाइनला पंप बसवण्याआधी एकदा हे वाचा

पुण्यात धायरीला सातवा म्हणजे शेवटचा मजला, गच्चीवर स्वतःचा २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर, शॉवरला धार नाही, आणि प्लंबर म्हणतोय, "थंडच्या लाइनला अर्ध्या एचपीचा पंप टाकू, गरमला हात लावायला नको." तुमची पोस्ट वाचताना पाच वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. आमचंही घर सिंहगड रस्त्यालाच, आम्हीही सातव्यावर, प्लंबरचं वाक्यसुद्धा जवळपास हेच. म्हणून एवढं लांबण लावतोय. मी प्लंबर नाही, इंजिनिअरही नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. जे भोगलं ते सांगतो.

नळांच्या जाळ्या साफ केल्यात, कॉक पूर्ण उघडे आहेत, हे धरून चालतो.

शेवटच्या मजल्याचं दुखणं एवढंच की पाण्याला उंची मिळत नाही. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर. टाकीचा तळ तुमच्या शॉवरच्या वर जेमतेम ३ मीटर असणार, म्हणजे मिळतं ०.३ किलो. पहिल्या मजल्यावर तीच टाकी २ किलो देते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "आम्हाला तर काहीच त्रास नाही" म्हणणारे कुठे राहतात ते बघा.

तर मी पंप बसवला. फक्त थंडच्या लाइनला, ११,५०० रुपये मोजून. पहिल्या दिवशी शॉवर असा सुटला की मी दोनदा आंघोळ केली. चौथ्या दिवशी सोलरचं पाणी कोमट आलं. एप्रिल महिना, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि बादलीत कोमट पाणी! आठवड्याभरात सेक्रेटरींचा फोन: तुमच्या सोलरखाली गच्चीत तळं साचलंय.

रात्री दोनला जाग आली तेव्हा पंप आपोआप चालू-बंद होत होता. टक्, घूंऽऽ, टक्. घरात एकही नळ उघडा नाही. टॉर्च घेऊन वर गेलो. सोलरच्या टाकीवर काठीच्या मुठीसारखा वाकवलेला व्हेंट (हवा-वाफ जायचा) पाइप असतो, त्यातून पाणी पडत होतं. हात धरला तर गार. खाली सिमेंटवर क्षाराचा पांढरा ओघळसुद्धा धरला होता (आमच्याकडे निम्मं पाणी टँकरचं, बोअरचं).

तरी मला कळलं नाही. मी सोलर कंपनीला धरलं, आणि तिथे माझे तीन आठवडे गेले. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, टाकीवर दोन टिचक्या मारल्या, "ट्यूब जुन्या झाल्यात" म्हणाला, व्हिजिट चार्ज घेतला आणि तक्रार बंद करायचा ओटीपी मागितला. मी भोळेपणाने दिला. संध्याकाळी मेसेज: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. पुन्हा तक्रार, पुन्हा माणूस, पुन्हा ओटीपी. पंपवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, पंप चालतोय ना, मग आमचा संबंध नाही. काम बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, कुणालाही. असो.

दरम्यान एका रात्रीत सोसायटीची टाकी रिकामी झाली. सकाळी टँकर मागवावा लागला आणि त्याचं बिल कमिटीने माझ्या नावावर टाकलं. चूक माझीच होती, पण ते तेव्हा मान्य नव्हतं.

शेवटी शेजारच्या बिल्डिंगचा म्हातारा प्लंबर आला. तो गच्चीवर गेलाच नाही. सरळ बाथरूममध्ये शिरला आणि हँडशॉवरकडे बोट दाखवलं. आमच्याकडे मिक्सरच्या (थंड-गरम एकत्र करणाऱ्या नळाच्या) दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँडशॉवरचं फक्त बटण बंद करायची सवय. म्हणजे बाहेर जायची वाट बंद, पण मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम एकमेकांना उघडे. थंडला पंपाचं दीड किलो, गरमला बिचाऱ्याला ०.३. थंड पाणी गरमच्याच पाइपातून उलटं चढत सोलरच्या टाकीत जात होतं. सोलरच्या इनलेटला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असल्याने तिथून ते सोसायटीच्या टाकीत परतू शकत नव्हतं, मग व्हेंटमधून बाहेर. रात्रभर. आणि चाव्या नीट बंद केल्या तरी सुटका नाही: आंघोळीच्या वेळी दोन्ही उघडल्या की तेवढा वेळ तेच घडतं.

गंमत म्हणजे हाच प्रकार दहा सेकंद मुद्दाम केला तर ते औषध आहे. गरमच्या लाइनमध्ये हवा अडकून धार तुटत असेल तर मिक्सरचं तोंड तळव्याने दाबून धरायचं आणि दोन्ही चाव्या उघडायच्या. थंड पाणी हवा वर ढकलतं. हे पंप नसतानाही जमतं, तुम्ही आधी करून बघा.

"मग गरमला एनआरव्ही टाकू" असं कुणी म्हणेल. मी टाकला. आधी स्प्रिंगवाला, तो ०.३ किलोला धड उघडेचना. मग झडपेचा. पाणी उलटं जायचं थांबलं, पण शॉवर घेताना थंडचा जोर झडप दाबून ठेवतो आणि गरम येतच नाही. म्हणजे अंघोळ गारच!

आता उपाय. सोलर आपल्याकडच्यासारखा साधा, व्हेंटवाला असेल तर त्याच्या आधी पंप चालत नाही, टाकी प्रेशर सोसणारी नसते. त्यामुळे एक तर दोन पंप: एक थंडला, दुसरा सोलरच्या आउटलेटला, व्हेंटच्या पुढे, आणि तो गरम पाण्यासाठीचाच हवा. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ८० अंशांपर्यंत जातं, साधा पंप टिकत नाही. सोलरचा इनलेट एक इंची करून घ्या, नाहीतर पंप व्हेंटमधून हवा ओढतो. किंवा मग मी शेवटी केलं ते: सोलर मिक्सरपासून तोडला, बादलीसाठी त्याला वेगळा नळ दिला. शॉवर गिझरवर. गिझरला पाणी पंपाच्याच लाइनचं, त्यामुळे थंड-गरम बरोबरीने येतात. विजेचं बिल थोडं वाढलं. माझ्या मते हेच बरं, पण घरात लहान मुलं शॉवरवालीच असतील तर दोन पंपांचा हिशेब करा. टाकी चार फूट उचलायच्या भानगडीत पडू नका, हाती लागतं ०.१२ किलो आणि कमिटीशी वर्षभराचं भांडण.

पंप अर्ध्या एचपीचा पुरे. मात्र गच्चीतल्या टाकीनंतरच. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे.

विषय निघालाच आहे म्हणून: गुरुवारी महापालिकेच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहून सोलर रिकामा झाला तर शुक्रवारी दुपारी त्यात पाणी सोडू नका. तापलेल्या काचेच्या ट्यूब गार पाण्याने फुटतात. माझ्या दोन फुटल्या. पहाटे किंवा रात्रीच भरा.

आणि तुमचा प्लंबर गच्चीत वाहणारं पाणी बघून "व्हेंटला टोपी लावून टाकू" म्हणेल. माझा म्हणाला होता, टोपी खिशातच होती त्याच्या. लावू देऊ नका. वाफ निघायला आणि टाकी रिकामी होताना हवा आत यायला तेवढी एकच वाट असते. ती बुजवली तर टाकी एक दिवस फुगते किंवा पिचकते. तुमच्या सोलरच्या इनलेटला एनआरव्ही आहे का, ते बघून इथेच कळवा. नसेल तर गच्चीत पाणी वाहणार नाही, उलट थंडच्या टाकीतलं पाणी कोमट होईल, आणि मग शोधायला माझ्यापेक्षाही जास्त दिवस लागतील.