पार्किन्सन्ससाठी नेहमीचा न्यूरॉलॉजिस्ट पुरतो का, की मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्ट हवाच?

तुम्ही विचारलंय की वडिलांना पार्किन्सन्स आहे, घराजवळ चांगला न्यूरॉलॉजिस्ट आहे, मग आणखी वेगळा मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्ट, म्हणजे फक्त हालचालींचे आजार बघणारा न्यूरॉलॉजिस्ट, कशाला. एकदा तरी दाखवाच. हाच प्रश्न माझा मोठा भाऊ अजून विचारतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही कोथरूडला राहतो. बाबांना उलट्या झाल्या म्हणून ॲडमिट केलं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. फाइलवर पार्किन्सन्स स्पष्ट लिहिलेलं असताना रात्री उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. हे औषध मेंदूत डोपामाइनचं, म्हणजे हालचाली नीट चालवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं, आणि या आजारात मुळात डोपामाइनचाच तुटवडा. वर सकाळी आठची सिंडोपा, म्हणजे डोपामाइन भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी, "राऊंड झाला की देऊ" करत दुपारवर गेली. मी पोचले तर बाबा ताठ पडलेले, चहा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलेला, आणि सिस्टर मला सांगतायत की काका कोऑपरेट करत नाहीत. अहो, ज्या माणसाला कुशीवर वळता येत नाहीये तो काय कोऑपरेट करणार! अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

त्यानंतर मी हट्टाने मूव्हमेंट डिसऑर्डरवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठा आणि बोट भरभर आपटायला सांगितलं, आणि मग निम्मा वेळ फक्त वेळाच विचारत बसले, गोळी कधी, असर कधी चढतो, कधी उतरतो, गोळीबरोबर काय खाता. बाबा ती दुधाबरोबर घ्यायचे. प्रोटीनमुळे लेव्होडोपा नीट शोषली जात नाही हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास आली, तेवढाच डोस जास्त वेळा विभागला, आणि बाबा परत स्वतः शर्टाची बटणं लावायला लागले.

दादाचं म्हणणं, गोळी तर तीच राहिली ना, मग एवढी फी कसली? दादा, फी ते वेळापत्रक बसवायचीच होती! लेव्होडोपा 1960च्या दशकापासून आहे आणि आजार थांबवणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे हातात आहे ती गोळी कशी वापरायची हीच खरी विद्या आहे. शिवाय प्रत्येक कंप पार्किन्सन्सचा नसतो, इसेन्शियल ट्रेमर हा हात थरथरण्याचा आजार वेगळा, आणि चक्करेसाठी महिनोन् महिने चालू ठेवलेल्या फ्लुनारिझिननेही अशीच लक्षणं येतात. हे ओळखायला रोज हेच पेशंट बघणारा माणूस लागतो.

रिसर्चचं कोणी सुचवलं तर ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का बघा. स्टेम सेल उपचारासाठी लाखो रुपये मागणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या नियमात पार्किन्सन्ससाठी ते ट्रायलबाहेर चालत नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंट आणि घरचे दोघांनाही घेऊन जा.

आता हेही सांगते, दर महिन्याला स्पेशालिस्टची गरज नाही, सुरुवातीच्या काळात नेहमीचा न्यूरॉलॉजिस्ट उत्तम सांभाळतो, आमचेही रूटीनला तेच बघतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझं वाचून डोस बदलू नका, आणि गोळी एकदम बंद तर कधीच करू नका, ताप येऊन अंग आखडून जिवावर बेतू शकतं.