‘इंपर्मिआव्हेल’ रेनकोट खांद्यावर का गळतो?

प्रश्न : लिस्बनला असलेल्या भाच्याने पाठवलेल्या रेनकोटवर पोर्तुगीजमध्ये ‘इंपर्मिआव्हेल’ आणि ‘१०.००० मिमी’ असे छापले आहे. तरी मोटरसायकलवरून बेळगावला पोहोचेपर्यंत खांदे ओले होतात. या शब्दाचा नेमका अर्थ काय?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ज्यातून पाणी झिरपत नाही ते इंपर्मिआव्हेल. उच्चारताना जोर ‘आ’वर द्यावा. कापड, गच्ची, चिकणमातीचा थर, सगळ्यांना हे विशेषण लागते. पोर्तुगालमध्ये नाम म्हणून वापरले तर रेनकोट असाच अर्थ होतो. घड्याळाला किंवा फोनला बहुधा ‘आ प्रोव्हा दे आग्वा’ (पाण्याला दाद न देणारे) म्हणतात. ‘रेझिस्तेंत आ आग्वा’ (पाण्याला काही प्रमाणात रोखणारे) असेल तर तो माल भुरभुरीपुरता; तो घालून जुलैत कणकुंबी-चोर्ल्याकडे जाऊ नये. स्प्रेवर किंवा डब्यावरचे ‘इंपर्मिआबिलिझांत’ म्हणजे पाणी अडवणारे लेपद्रव्य.

१०.००० मधला टिंब दशांशाचा नाही, हजाराचा आहे. म्हणजे दहा हजार मिलिमीटर. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी पाणी आरपार दिसले की तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. तुमचे कापड चांगले आहे. पण चाचणी कापडाची होते, शिवणीची नाही, आणि सुईचे प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. सॅकचा पट्टा खांद्यावरच्या शिवणीवर दाबला की पाणी आत ढकलले जाते. गाडीच्या बैठकीवर दाबल्या जाणाऱ्या शिवणीचेही तसेच.

म्हणून लेबलवर ‘कोस्तुरास सेलादास’, म्हणजे बंद केलेल्या शिवणी, हे शब्द शोधा. रेनकोट उलटा करून पाहा: शिवणींवर आतून चिकटपट्टी हवी. ती सुटली असेल तर सुटलेला भाग सोलून, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावर सीम सीलरचा (शिवणीची भोके बुजवणाऱ्या द्रव्याचा) पातळ थर द्या. जाड थर घडीवर तडकतो. मग शिवणीवर पाणी ओतून आतून तपासा.

कापड बाहेरून भिजून जड होत असेल तर वरचा पाणी झटकणारा लेप गेला आहे. अशा वेळी घामाची वाफ बाहेर पडत नाही, आत थेंब साचतात आणि रेनकोट गळतोय असे वाटते. सौम्य साबणाने धुऊन दोनदा खळबळा. कपडे मऊ करणारे द्रव्य (लेबलवर ‘आमासिआदोर’) अजिबात घालू नका. त्याचा थर पाणी ओढून घेतो.