जिरायती द्राक्षवेल, तीही शंभर वर्षांची: त्या रेड वाईनमध्ये खरंच काही वेगळं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ऑस्ट्रेलियन बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन, ड्राय ग्रोन’ असं छापलेलं दिसलं, शेजारच्या बाटलीपेक्षा किंमत तिप्पट. ही नुसती जाहिरातबाजी आहे का, पारंपरिक पद्धतीने रेड वाईन करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि असं काही नाशिकला का होत नाही?

मी मूळचा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. गेली नऊ वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियात बारोसा व्हॅलीत आहे, ॲडलेडपासून गाडीने तासाभरावर. तोडणीच्या हंगामात एका छोट्या वाईनरीत राबतो, थंडीत छाटणीला जातो. त्यामुळे जे सांगतोय ते बारोसाचं. फ्रान्स-स्पेनचं तिथे घाम गाळलेल्या माणसाने सांगावं.

ड्राय ग्रोन म्हणजे आपल्या भाषेत जिरायत. ठिबक नाही, पाट नाही, टँकर तर नाहीच. पहिल्या वर्षी मी फोनवर वडिलांना सांगितलं की इथे जिरायती द्राक्षबागा आहेत, तर ते म्हणाले, “मग वेलीवरून थेट मनुकेच काढत असतील.” त्यांचा दोष नाही. आमच्याकडे एक दिवस ठिबक बंद पडलं तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं.

पण मंगळवेढ्याचा शाळू आठवा. पावसाळा संपल्यावर पेरायचा, वरून थेंब नाही, तरी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर कणसं भरतात. बारोसाची वेल तेच करते. इथे वर्षाला साधारण ५०० मिमी पाऊस, आणि त्यातला मोठा हिस्सा थंडीत पडतो, म्हणजे मे ते सप्टेंबर. त्या काळात वेल पानं टाकून झोपलेली असते. वरची माती तांबूस, खाली चिकणमाती, कुठे कुठे चुनखडी. पाणी खाली जाऊन थांबतं. सप्टेंबरात डोळे फुटतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणी होईपर्यंत वेल त्या साठवणीवर जगते. वेली लांब लांब लावलेल्या असतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला भरपूर माती. ग्रेनाश जातीच्या जुन्या वेलींना तर तारसुद्धा नाही, रानात बुटक्या झुडपांसारख्या एकट्या उभ्या. मुळं वर्षानुवर्षं खाली खाली जात राहतात. लहान वेलीला जिरायतीत टिकणं अवघड असतं, म्हातारीला सवय झालेली असते.

उत्पन्न? एकरी टनभर, चांगल्या वर्षी दोन टन धरा. निफाडला एवढ्यावर कोणी छाटणीची मजुरीसुद्धा देणार नाही. पण मणी बारीक असतो, आणि रेड वाईनमध्ये सगळी गंमत सालीत असते. रंग सालीत, तुरटपणा साली-बियांत, वासाचा मोठा भाग सालीला लागून. मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. आपण जिबरेलिक या वाढीच्या संजीवकात घड बुडवून मणी फुगवतो, इथलं सगळं गणित त्याच्या बरोबर उलटं.

आता वयाचं. १८४२ च्या सुमारास सायलेशियातून, म्हणजे तेव्हाच्या प्रशियातून, धर्माच्या जाचाला कंटाळलेले लुथरन शेतकरी बारोसात आले. त्यांनी लावलेल्या काही वेली आजही फळ देतात. टनुंडा गावात लँगमाइल वाईनरीची शिराझ या काळ्या द्राक्षाची बाग १८४३ ची आहे, टर्की फ्लॅट वाईनरीची १८४७ ची, सिरिलो कुटुंबाचं ग्रेनाश १८४८ चं. युरोपातल्या एवढ्या जुन्या बहुतेक बागा फायलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकातच साफ केल्या. ही कीड १८७७ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगला सापडली, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात ती आजवर आलेली नाही. १८९९ मध्येच त्यासाठी कायदा झाला आणि अजूनही बाहेरच्या राज्यातून वेल, काडी, चिखलाचे बूटसुद्धा सहज आत आणता येत नाहीत. म्हणून इथल्या जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर आहेत. आपल्याकडच्या डॉगरिजसारखा दुसऱ्या जातीच्या मुळांचा खुंट नाही, त्यावर कलम नाही.

किडीपासून वाचलेल्या या वेली पुढे सरकारच्या हातून जाणार होत्या, हे इथे आल्यावर कळलं आणि मी हादरलो. १९८० च्या दशकाच्या मध्यात रेड वाईनला भाव नव्हता, तेव्हा राज्य सरकारने वेली उपटायला पैसे दिले. शंभर वर्षांच्या शिराझ आणि ग्रेनाशच्या बागा ट्रॅक्टरला साखळी बांधून उपटल्या गेल्या. ज्या शेतकऱ्यांनी नकार दिला त्यांची द्राक्षं घेणारं कोणीतरी लागणार होतं. बारोसातले वाईनमेकर पीटर लेहमन यांनी या योजनेच्या आधीच, कंपन्या द्राक्षं नाकारत असताना, अशा शेतकऱ्यांसाठी स्वतःची वाईनरी उभी केली होती. रॉबर्ट ओ’कॅलहन यांनी १९८४ मध्ये रॉकफर्ड वाईनरी सुरू केली, जुन्या यंत्रांवर, जुन्या वेलींची द्राक्षं घेऊन. त्यांच्या शिराझचं नावच ‘बास्केट प्रेस’ आहे. वेल जगते ती माल विकला गेला तर. पाऊस आणि माती त्यानंतर.

२००९ पासून बारोसात वयाप्रमाणे नावं ठरली आहेत: ३५ वर्षांवरची ‘ओल्ड’, ७० वरची ‘सर्व्हायव्हर’, १०० वरची ‘सेंटेनेरियन’, १२५ वरची ‘ॲन्सेस्टर’. ही पाळण्याची सक्ती मात्र नाही. त्यामुळे नुसतं ‘ओल्ड व्हाइन’ एवढंच छापलेलं असेल तर दुकानदाराला लागवडीचं साल विचारा. ज्याच्याकडे खरंच जुनी बाग असते तो साल छापल्याशिवाय राहत नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. पहिल्या थंडीत मला छाटणीला घातलं. निफाडचा हात, भराभर चालला. एका वेलीचा एक ओलांडा, म्हणजे खोडाची आडवी वळवलेली फांदी, वेडावाकडा, अर्धा वाळल्यासारखा दिसला. आमच्याकडे असा ओलांडा काढून नवीन काडी वळवतात, म्हणून मी करवत घेतली आणि मनगटाएवढं लाकूड साफ कापलं. बागेचे मालक, पंच्याहत्तरीचे आजोबा, दोन ओळी पलीकडे होते. आले, बघितलं, काही बोलले नाहीत. गाडीतून रंगाचा डबा आणला आणि त्या जखमेवर ब्रशने दोन हात मारले. नंतर चहाच्या वेळी सांगितलं की एवढ्या मोठ्या घावातून युटिपा नावाची बुरशी आत शिरते आणि दरवर्षी थोडी थोडी करत अख्खं खोड खाते. मी कापलेलं लाकूड त्यांच्या आजोबांच्या वेळचं होतं. त्या दिवसापासून मी करवत हातात घेण्याआधी विचारतो.

आता वाईनरीतलं. पारंपरिक म्हणजे फार गूढ काही नाही. यंत्र कमी, कंबर जास्त.

द्राक्षं हाताने तोडतात, पहाटे, गार असताना. गोडी मोजायला इथे बोमे हे माप चालतं. एक बोमे म्हणजे साधारण १.८ ब्रिक्स, आणि ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसातली साखरेची टक्केवारी. आपल्याकडे १८ ब्रिक्स आली की व्यापारी गाडी लावतो. इथे २५ पर्यंत थांबतात, म्हणून वाईनमध्ये अल्कोहोल सहज १४-१५ टक्के येतं. घड देठ काढणाऱ्या यंत्रातून जातात, मणी फुटतात, आणि रस, साल, बी असं सगळं उघड्या टाकीत पडतं. आमच्या टाक्या सिमेंटच्या, आतून मेण लावलेल्या, चार-साडेचार फूट उंच. काही जण थोडे अख्खे घड देठासकट टाकतात. थोडे ठीक, जास्त झाले की वाईनला हिरवट कडूपणा येतो, असं माझं मत.

एक-दोन दिवसांत टाकी बोलायला लागते. खरंच, कान लावला तर तांदूळ रटरटल्यासारखा आवाज येतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि त्या वायूने सगळ्या साली वर ढकलल्या जाऊन जाड टोपी तयार होते. ती तशीच सोडली तर वरून वाळते आणि आंबट वास धरते, शिवाय खालच्या रसाला रंग मिळत नाही. म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा लाकडी दांड्याने ती दाबून रसात बुडवायची. पहिल्या दिवशी टोपी एवढी घट्ट असते की माणूस उभा राहील. बारोसातली जुनी युक्ती अशी की टाकीत आडव्या फळ्या अडकवून साली रसाखालीच दाबून ठेवायच्या आणि खालचा रस काढून वरून सोडत राहायचा. आमच्या वाईनरीत दोन्ही करतात, बॅच पाहून.

टाकीवर कधीही वाकून श्वास घेऊ नका. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि भोवळ यायला वेळ लागत नाही. हंगामात एकट्याने टाकीत उतरायला सक्त बंदी असते.

उष्णता मोठी काळजी. रस आंबताना स्वतः तापतो. ३० अंशांच्या फार वर गेला की यीस्ट दमतं आणि शिजवलेल्या जॅमसारखा वास येतो. मी एक रात्र टाकीशेजारी खुर्ची टाकून काढलीय, दर दोन तासांनी थर्मामीटर बुडवत. घरी बाळ तापलं असताना बसतात तसं. आठवडा-दहा दिवस हे चालतं. रोज बोमे मोजायचं: चौदा, अकरा, सात, तीन. अजून थोडी गोडी शिल्लक असतानाच रस काढून पिपात घालायचा आणि उरलेलं आंबणं लाकडातच होऊ द्यायचं, ही इथली खास रीत.

मग बास्केट प्रेस. लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा, वर स्क्रूचा दाब. लाकडी घाण्याचं तेल जसं हळूहळू उतरतं तसंच. ओल्या साली फावड्याने भरायच्या आणि दाब एकदम न वाढवता थांबत थांबत द्यायचा. रस त्या सालींच्याच थरातून गाळून येतो, म्हणून गढूळपणा कमी आणि बिया भरडल्या जात नाहीत. मोठ्या वाईनरीचं यंत्र तेवढ्या वेळात कितीतरी जास्त काम उरकतं. पिंजरा उघडला की चोथ्याची भाकरीसारखी गोल, घट्ट चकती निघते. ती फोडून परत बागेत जाते. या कामानंतर आठवडाभर नखांची निळाई जात नाही, बँकेत सही करताना लोक बघतात.

पुढे दीड-दोन वर्षं ३०० लिटरच्या ओकच्या पिपात. बारोसात पूर्वीपासून अमेरिकन ओक वापरतात, त्याचा व्हॅनिलासारखा वास शिराझला जमतो. पिपात द्राक्षातल्या आंबट मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल होतं. हे जिवाणूंचं काम, दह्यातल्यांच्या भाऊबंदांचं. पिपातून वाईन सतत थोडी उडते. वरची पोकळी वेळच्या वेळी भरली नाही तर आत हवा राहते आणि व्हिनेगरकडे वाटचाल सुरू होते. आणि एक कबुली: पारंपरिक म्हटलं तरी इथल्या उन्हात आंबटपणा कमी पडतो, म्हणून बहुतेक जण टार्टरिक आम्ल घालतात, थोडं सल्फरही. ‘काहीच घालत नाही’ म्हणणारे आहेत. त्यातल्या काहींची वाईन अप्रतिम असते, काहींची मोरी साफ करायला चालेल.

तर फरक कळतो का? एकदा आमच्या शेडमध्ये झाकून चव घ्यायला लावली. एक पीप शतकपार वेलींचं, एक तीस वर्षांच्या वेलींचं. मी छातीठोकपणे तीसवालं म्हातारं म्हणून सांगितलं. सगळे हसले. त्यामुळे म्हाताऱ्या वेलीत काही दैवी आहे असं मी म्हणणार नाही. फरक मला दिसला तो एका फेब्रुवारीत, सलग चार दिवस पारा ४० च्या वर गेला तेव्हा. नव्या वेलींची पानं करपली, मणी सुरकुतले. जुन्या बागेत पानं थोडी मिटली आणि पाचव्या दिवशी पूर्ववत. म्हातारीचा गुण सातत्यात आहे, चांगल्या वर्षी तो झाकलेला राहतो. शिवाय उलटाही विचार करा. वेल म्हातारी झाली म्हणून वाईन चांगली, की चांगली वाईन द्यायची म्हणूनच तिला कोणी उपटलं नाही? सुमार बागा कधीच सरपणात गेल्या. उरलेल्यांवरून आपण वयाला श्रेय देतो.

नाशिकचं म्हणाल तर तिथली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवायची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास घड धरायची फळछाटणी. पुढच्या वर्षीचे घड डोळ्यात तयार होतात ते खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात, तेव्हा पाणी तोडलं तर घडच येणार नाहीत. त्यात पावसाळ्यात पानांवर डाऊनी हा बुरशीसारखा रोग. जिरायत तिथे जमेल असं मला वाटत नाही. सुला या वाईन कंपनीने नाशिकला पहिल्या वेली १९९७ च्या सुमारास लावल्या, म्हणजे तिथे म्हातारी वेल म्हणायला अजून अवकाश आहे. पाणी मोजून, थोडं उपाशी ठेवून वाईनची द्राक्षं घेणारे शेतकरी मात्र आहेत, आणि माझ्या मते शिकण्यासारखं तेवढंच आहे.

ती तिप्पट किमतीची बाटली घ्यायची का? लागवडीचं साल छापलेलं असेल तर एकदा घ्या, उघडून तासभर तशीच ठेवा आणि मटणाबरोबर प्या. बर्फ घालू नका.