सोलापूरच्या उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत व्हॅलोरंट खेळायला कोणता हेडफोन घ्यावा?

तुझा प्रश्न मला कळला तो असा: जुळे सोलापुरात राहतोस, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहेस, लॅपटॉपवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतोस, खोलीत कूलर असतो आणि गळ्यात ब्लूटूथचा नेकबँड असतो. शत्रू मागून येतो आणि तू पुढं बघत बसलेला असतोस. आता चार हजारांत 7.1 (म्हणजे सात स्पीकर आणि एक वूफर असल्याचा दावा) लिहिलेला, लाइट लागणारा हेडफोन दिसलाय, तो घ्यावा का. (वयानं बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

नको घेऊस. निदान आज तरी नको.

मी काही वर्षं सात रस्त्याजवळ बारा पीसींचा गेमिंग कॅफे चालवला. बारा पीसी म्हणजे बारा हेडफोन, आणि कॉलेजच्या पोरांच्या हातात बारा हेडफोन म्हणजे त्यातले दोन-तीन कायम माझ्या टेबलावर, सोल्डरिंग आयर्न तापायची वाट बघत पडलेले. हरलं की पोरं कीबोर्ड आपटत नाहीत, तो टेबलावर असतो. हेडफोन आपटतात. त्यामुळं कोणता हेडफोन किती चांगला वाजतो यापेक्षा कोणता कुठं तुटतो हे मला जास्त माहीत आहे.

आधी तुझ्या नेकबँडचं बघू, कारण निम्मा आजार तिथंच आहे. ब्लूटूथवर नुसतं गाणं लावलं की आवाज स्टिरिओ येतो. पण गेममध्ये किंवा डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं अॅप) त्याच नेकबँडचा माइक चालू झाला, की बहुतेक लॅपटॉप त्याला फोन-कॉलच्या मोडमध्ये टाकतात. त्या मोडमध्ये आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि वर लँडलाइनसारखा चपटा. डावं-उजवंच उरलं नाही तर पावलं कुठून आली हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आवाजाला उशीर होतो ते वेगळंच. साध्या ब्लूटूथवर हा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांच्या घरात जातो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशेब करतो, आणि आपण पाव सेकंद कानातच घालवायचा! तेवढ्या वेळात पळणारा माणूस मीटरभर पुढं सरकलेला असतो. तू ऐकतोस ती त्याची जुनी जागा.

म्हणून आज रात्री एवढंच कर. घरात कुणाच्या तरी जुन्या मोबाइलबरोबर आलेला वायरचा इअरफोन पडलेला असेल, तो लॅपटॉपला लाव आणि खेळ. फुकटचा प्रयोग आहे.

तरीही दिशा कळत नसेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू आहे का बघ. हसू नकोस. कॅफेत एक पोरगा दोन आठवडे रोज जागा बदलायचा. “अण्णा, ह्या पीसीचा हेडफोन खराब हाय बे,” म्हणत तीन पीसी फिरला. मग स्वतःच्या लॅपटॉपसाठी नवा हेडफोन घेऊन आला, तरी तेच रडगाणं. शेवटी लॅपटॉप उघडून बघितला तर मोनोचं बटण चालू. एका कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकायला त्यानंच कधीतरी ते दाबलं होतं आणि विसरला होता. माझे तीन पीसी उगाच बदनाम झाले.

आता 7.1 कडे येऊ. तुला कान किती? दोन. हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या चकत्याही बहुतेक वेळा दोनच. खोक्यावरचे ते सात स्पीकर आणि एक वूफर सॉफ्टवेअरमध्ये कल्पलेले असतात, आणि शेवटी त्यांचं मिश्रण त्याच दोन चकत्यांतून येतं. खऱ्या आयुष्यात दिशा कशी कळते? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला नंतर. हा फरक फार तर 0.6-0.7 मिलिसेकंदांचा, आणि मेंदू तेवढ्यावर ओळखतो. शिवाय डोकं मध्ये आडवं आल्यानं पलीकडच्या कानाला बारीक, टोकदार आवाज कमी पोचतात. पण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तिथं कामाला येतात बाहेरच्या कानाच्या वळ्या. समोरून येणारा आवाज त्यांच्यावर एका तऱ्हेनं घासून आत जातो, मागून येणारा दुसऱ्या तऱ्हेनं. तुझी तक्रार नेमकी पुढं-मागंचीच आहे, म्हणून एवढं सांगितलं.

हा वळ्यांचा परिणाम आकडेमोडीनं आवाजात मिसळण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटमध्ये 2021 पासून ती सोय आहे, ऑडिओच्या सेटिंगमध्ये सापडेल. ती चालू कर, बाकी सगळं साधं स्टिरिओ ठेव. हेडफोनचं 7.1, विंडोजचा स्पेशियल साउंड आणि गेमचं एचआरटीएफ तिन्ही एकदम चालू ठेवणं म्हणजे फोडणीवर फोडणी. वास कशाचा येतोय तेच कळत नाही. एक मात्र आहे, ही आकडेमोड सरासरी कानावरून केलेली असते, त्यामुळं काहींना लगेच जमते आणि काहींना सवय व्हायला वेळ लागतो. मलाही लागला. अजूनही शंका आली की मी माउस किंचित डावीकडं-उजवीकडं हलवतो. आपण हाक आल्यावर मान वळवतो तसंच. मागचा आवाज लगेच एका कानाकडं झुकतो आणि उलगडा होतो.

पण तुझ्या प्रश्नात खरी गोम आहे ती एका ओळीत येऊन गेली: “खोलीत कूलर असतो.” यूट्यूबवर हेडफोन तपासणारे लोक एसीच्या शांत खोलीत बसतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकतो आणि खिडकीतला पत्र्याचा कूलर चालू झाला की शेजारच्या खोलीतली आई काय म्हणाली ते ऐकू येत नाही. अशा खोलीत हलक्या पावलांचा आवाज ऐकायचा आहे. म्हणून हेडफोनच्या आधी खोली बघायची.

हेडफोनचे ढोबळ प्रकार तीन. पहिला, पाठीमागं जाळी असलेला, म्हणजे ओपन बॅक. यात आवाज मोकळा येतो, लांबचा-जवळचा फरक छान कळतो आणि कानाला हवा लागते. सेन्हायझरचा एचडी 560 एस किंवा फिलिप्सचा एसएचपी 9500 या जातीचे. मला मनापासून आवडतात. पण जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं. डिसेंबरच्या रात्री जुळे सोलापुरात यासारखं सुख नाही, आणि मे महिन्यात तोच हेडफोन म्हणजे कानाला कूलर बांधल्यासारखं. शिवाय बजेटबाहेर जाईल.

दुसरा, पाठ बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा. गेमिंगच्या नावानं विकले जातात ते बहुतेक हेच. बाहेरचा आवाज अडतो, माइक जोडलेला असतो. अडचण एकच, पण मोठी: घाम. रेक्झिनच्या कुशनखाली अर्ध्या तासात कान उकडून निघतो, आणि तो घाम पिऊन कुशनची साल निघायला लागते. कॅफेत मे महिन्यात पोरांच्या कानाभोवती काळे कपचे चिकटलेले असायचे, घरी गेल्यावर आई विचारायची हे काय. घ्यायचाच असेल तर कापडी कुशनचा घे आणि सुटी कुशन मिळतात का ते आधी विचार. चष्मा असेल तर अजून एक भानगड. काडीमुळं कुशन नीट टेकत नाही, फट राहते आणि कूलर त्या फटीतून आत येतो.

तिसरा, कानाच्या आत बसणारा वायरचा इअरफोन. याला आता आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात. माझं उत्तर हेच. रबर नीट बसलं तर बाहेरचा आवाज बंद पाठीच्या स्वस्त हेडफोनपेक्षा जास्त अडतो, कान मोकळा राहतो, चष्म्याशी भांडण नाही, वजन नाहीच. आणि हे गरिबाचं जुगाड समजू नकोस. मोठ्या स्पर्धांत स्टेजवर बसलेले खेळाडू गेमचा आवाज कानातल्या अशाच इअरफोनमधून ऐकतात. वरून जो मोठा हेडफोन दिसतो, त्यातून अनेकदा नुसती खरखर सोडलेली असते, प्रेक्षकांचा आरडाओरडा दाबायला. त्यांचा प्रेक्षक, आपला कूलर.

मूनड्रॉपचा चू 2, किंवा केझेडचे साधे मॉडेल, या रांगेतलं काहीही चालेल. अट एक: वायर सुटी होणारी हवी. तुटते ती कायम वायरच, तीही पिनेच्या मुळाशी. सुटी वायर असेल तर थोडक्या पैशात काम होतं, नाहीतर माझ्यासारख्याकडं सोल्डरिंगला यावं लागतं, आणि ते केसाएवढे तार जोडताना मी काय काय पुटपुटायचो ते इथं लिहिता येत नाही. आणि ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं असेल तर ते खोकं परत ठेव. धडामधुडूम सिनेमाला छान, पण गेममधली एखादी स्फोटाची अॅबिलिटी (खेळाडूची खास ताकद) वाजली की त्या गडगडाटाखाली पावलांचा आवाज लपतो. चकती 50 मिलिमीटरची आहे का 10 ची, याचाही फार विचार करू नकोस. ढोलाचा आकार मोठा म्हणून वादक चांगला असतो असं नाही.

माइकचं काय? इअरफोनच्या वायरवर माइक असलेलं मॉडेल मिळतं, तेच घे. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्याची चार पट्ट्यांची पिन थेट बसते. डेस्कटॉपवर आवाजाचं हिरवं आणि माइकचं गुलाबी भोक वेगळं असतं, तिथं वाय आकाराचा स्प्लिटर लागतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर बोलू नकोस, तुझा कूलर टीममधल्या बाकी चौघांना ऐकू जाईल. डिस्कॉर्डमध्ये क्रिस्प (मागचा गोंगाट दाबणारी सोय) चालू ठेव, आणि गेममध्ये बटण दाबूनच बोलायची सवय लाव.

एकत्र माइकवाला मोठा हेडफोनच हवा असा हट्ट असेल तर वायरचा, हलका, हायपरएक्स क्लाउड स्टिंगरच्या जातीचा बघ. माइक वर केला की बंद होतो, ही सोय बारा पोरांच्या कॅफेत सोन्यासारखी होती. वायरलेस घ्यायचंच झालं तर ब्लूटूथ नाही, 2.4 गिगाहर्ट्झच्या डाँगलवाला (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा), आणि तो या बजेटमध्ये धड मिळत नाही.

नवी पेठेत दुकानात जाऊन बघणार असशील तर तिथं गेम लावून देणार नाहीत. मोबाइलवर ‘व्हर्च्युअल बार्बर शॉप’ नावाचं न्हाव्याच्या दुकानाचं जुनं रेकॉर्डिंग लाव, कात्री कानामागून फिरते ते. डोळे मिटून ऐक. कात्री डोक्याच्या आतच वाजतेय असं वाटलं तर तो इअरफोन ठेवून दे, किंवा आधी रबराचा साइज बदलून बघ. बरेचदा दोष रबराचाच असतो.

आवाजाबद्दल एक सांगायचं राहिलं. माझे काका पूर्व भागात तीसेक वर्षं यंत्रमागावर होते. कारखान्यात खडखडाट इतका, की कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. घरी आल्यावरही काका ओठ बघूनच उत्तर द्यायचे, पाठमोरे असले की हाक वाया. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास एवढी मर्यादा सांगते, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. कूलरवर मात करायला व्हॉल्यूम वाढवत नेलास तर ही मर्यादा कधी ओलांडलीस ते कळणारही नाही. काकांना तो खडखडाट पोटासाठी सोसावा लागला, तुला लागत नाही. मी आयईएम सांगतोय त्याचं हेही एक कारण आहे. कूलर बाहेर अडला की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो.

नवीन काही घेतलंस की एक चाचणी कर. मित्राला कस्टम गेममध्ये (आपल्याच लोकांपुरता खाजगी खेळ) बोलाव, तू एका जागी उभा राहा, डोळे मीट. त्यानं तुझ्याभोवती पळायचं, मध्येच थांबायचं आणि विचारायचं, कुठं आहे. शिफ्ट दाबून चालला तर आवाज येणारच नाही, तेव्हा आधीच दम देऊन ठेव, पोरं मुद्दाम करतात. आधी जुन्या वायरच्या इअरफोनवर दहा वेळा, मग नव्यावर दहा वेळा. कूलर चालू ठेवून. दोन्हीत फारसा फरक पडला नाही तर नवा परत कर आणि ते चार हजार ठेवून दे. बिल फाडू नकोस तोवर.