पानाची किंमत वेगळी, पानाचा भार वेगळा

प्रश्न असा आला आहे : ब्लॅकजॅक या डीलरविरुद्ध (पानं वाटणाऱ्याविरुद्ध) 21 च्या आत बेरीज करायच्या पत्त्यांच्या खेळावरच्या इंग्रजी मजकुरात 'व्हॅल्यू' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एकदा राजा म्हणजे 10 हे सांगताना, आणि एकदा वाटून गेलेल्या पानांचा हिशेब ठेवायच्या पद्धतीत ('कार्ड काउंटिंग') राजा म्हणजे उणे 1 हे सांगताना. मराठीत दोन्हीकडे 'मूल्य' लिहावं का? आणि त्या 'कार्ड काउंटिंग'ला 'पत्ते मोजणे' म्हणावं का?

दोन्हीकडे एकच शब्द ठेवला तर वाचक नक्की फसतो. पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे खेळणाऱ्यांच्या तोंडचा शब्द आहेच : किंमत. तीनशेचार या पत्त्यांच्या खेळात गुलामाची किंमत 30, नव्वीची 20, एक्क्याची 11, दश्शीची 10, राजाची 3, राणीची 2. एका रंगाचे 76, चार रंगांचे 304. ब्लॅकजॅकमध्येही तसंच : दुर्री ते दश्शी जेवढ्यास तेवढी, चित्रं (गुलाम, राणी, राजा) 10, एक्का 1 किंवा 11.

दुसऱ्या अर्थासाठी 'भार' घ्यावा. 'भारित सरासरी'मुळे तो ओळखीचा आहे. 'गुण' नको, कारण हातातल्या पानांची बेरीज सांगताना 'सतरा गुण झाले' असं लिहावं लागतं. आणि 'मूल्य' तर इथे अर्थच उलटा करतो. राजाचं मूल्य उणे 1 म्हटलं की राजा वाईट पान आहे असं वाटतं. प्रत्यक्षात खेळणाऱ्याला राजा हवा असतो. उणे चिन्ह लागतं ते तो वाटला जाऊन कॅटातून (बावन्न पानांच्या जोडातून) गेला म्हणून. भार हा गेलेल्या पानाचा असतो, हातातल्या पानाचा नाही. भाषांतरात ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावी.

हा भार ठरतो कसा, हे कळलं की शब्दाची निवड पटते. एक कॅट घ्या, त्यातून एकच पान काढा आणि खेळणाऱ्याची बाजू किती टक्क्यांनी सुधारते किंवा बिघडते ते गणिताने काढा. पंजी काढली तर सुमारे 0.69 टक्के फायदा, चव्वी काढली तर 0.55, सत्ती काढली तर 0.28. अठ्ठी काढल्याने जवळजवळ काहीच होत नाही. नव्वी गेली तर 0.18 टक्के तोटा, दहाच्या किमतीचं पान गेलं तर 0.51, एक्का गेला तर 0.61. पंजीच सर्वांत वर का? डीलरला 17 होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. 12 ते 16 या अडचणीच्या बेरजांपैकी कुठल्याही बेरजेवर पंजी आली की 17 ते 21 होतात, म्हणजे प्रत्येक वेळी त्याची सुटका. छक्कीने 16 चे 22 होऊन, म्हणजे 21 च्या वर जाऊन, डाव जळतो. एक्का आणि दहाचं पान मात्र मिळून 'ब्लॅकजॅक' हा हात होतो, आणि त्यावर खेळणाऱ्याला नेहमीच्या नियमाने दिडीने पैसे मिळतात, म्हणून ती पानं गेली की तोटा.

हे दशांश टेबलावर बसून जुळवणं शक्य नाही, म्हणून त्यांच्या जागी सोयीचे पूर्णांक घेतले जातात. हार्वी डबनर यांनी 1963 साली मांडलेल्या हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्की अधिक 1, सत्ती ते नव्वी 0, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे 1. सत्तीचे 0.28 इथे सोडून दिले आहेत. ओमेगा टू पद्धतीत दुर्री, तिर्री, सत्तीला 1 आणि चव्वी, पंजी, छक्कीला 2, नव्वीला उणे 1, दहाच्या पानांना उणे 2, आणि एक्क्याला शून्य. एक्क्याला शून्य यासाठी, की पान घ्यावं की थांबावं हे ठरवताना तो बहुधा लहान पानासारखा वागतो. पैसे किती लावायचे यासाठी त्याचा हिशेब मग वेगळा ठेवावा लागतो.

आता 'मोजणे'. एडवर्ड थॉर्प यांच्या 1962 च्या पद्धतीत दहाची 16 पानं आणि इतर 36 यांपासून खरोखरच उलटं मोजत यायचं, तिथे हा शब्द चपखल होता. भारांच्या पद्धतीत ध्यानात फक्त एक आकडा राहतो. शिवाय मराठीत पत्ते मोजणे म्हणजे बावन्न भरतात का ते बघणे. तेव्हा 'पानांचा हिशेब ठेवणे' म्हणावं. 'सगळी पानं पाठ करणे' ही तर सरळ चूक आहे.

गेलेल्या पानांचे भार मिळवत जाऊन होणाऱ्या 'रनिंग काउंट'ला 'चालती बेरीज' छान बसते. 'ट्रू काउंट'चं 'खरी मोजणी' करू नये, कारण चालती बेरीज काही खोटी नसते. ती उरलेल्या कॅटांनी भागली की मिळते ती 'दर कॅटी बेरीज'. सहा कॅटांच्या खेळात चालती बेरीज अधिक 6 आहे आणि तीन कॅट उरले आहेत, तर दर कॅटी 2. दीडच उरले असतील तर 4. नेहमीची चूक म्हणजे वाटून झालेल्या कॅटांनी भागणे. वाक्यात 'उरलेल्या' हा शब्द गाळला की वाचकही तीच चूक करतो.

ज्या पद्धतीत अख्ख्या कॅटाची बेरीज शून्य येते ती 'समतोल'. हाय-लोमध्ये अधिक 20, उणे 20. सरावाचा पडताळाही त्यातूनच निघतो : एक पान न बघता बाजूला ठेवायचं आणि 51 पानं उलटत जायचं. शेवटी अधिक 1 आलं तर झाकलेलं पान दहाचं किंवा एक्का. उणे 2 आलं तर कुठेतरी चुकलंच. केओ (नॉक-आउट) या दुसऱ्या पद्धतीत भार हाय-लोसारखेच, पण सत्तीलाही अधिक 1 असल्याने कॅटामागे 4 उरतात, ती 'असमतोल'. तिथे दर कॅटी भागाकार करत नाहीत, त्याऐवजी सुरुवातच शून्याखालून होते. सहा कॅटांना 4 उणे 24 (सहा गुणिले 4), म्हणजे उणे 20 पासून. या आकड्याला 'आरंभीची बेरीज' म्हणावं. 'शिल्लक' शब्द मोहात पाडतो, पण तो उरलेल्या पानांसाठी राखून ठेवलेला बरा.