वाचकांचे प्रश्न : सर्व्हर चालू आहे, पण प्रती शाबूत आहेत का?

प्रश्न : आमचे ग्रंथालय इतर काही ग्रंथालयांसह ‘लॉक्स’ या, डिजिटल साहित्याच्या अनेक प्रती जपणाऱ्या प्रणालीवरील एका खासगी जाळ्यात सहभागी आहे. डिजिटल नियतकालिकांची एकेक प्रत प्रत्येकाच्या सर्व्हरवर असते. देखरेखीच्या पडद्यावर सगळे सर्व्हर हिरवे दिसतात. एवढ्यावरून संग्रह सुरक्षित आहे असे समजावे काय? — एक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : तसे समजू नये. हिरव्या खुणेवरून इतकेच कळते की सर्व्हरने हाकेला ओ दिली. त्याच्या डिस्कवरील फाइली जशाच्या तशा आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. कारण काही बिट बिघडले तरी सर्व्हर बिनबोभाट चालू राहतो, आणि वर्षानुवर्षे कोणीही न उघडलेल्या अंकातील बिघाड आपोआप कोणाच्या नजरेस येत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात विकी रीच आणि डेव्हिड रोझेन्थल यांनी १९९९च्या सुमारास या प्रणालीचे काम सुरू केले, तेव्हा पुष्कळ प्रती ठेवण्याइतकेच महत्त्व त्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्याला दिले गेले. एखादा सर्व्हर आपल्याकडील एखाद्या संचाबद्दल (उदाहरणार्थ, एका नियतकालिकाच्या एका वर्षाच्या अंकांबद्दल) मतदान पुकारतो आणि इतरांना एक यादृच्छिक संख्या पाठवतो. प्रत्येकाने ती संख्या आपल्या प्रतीतील मजकुराशी जोडून हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारा छोटा ठसा, काढायचा आणि तो मत म्हणून कळवायचा. संख्या दर वेळी नवी असल्याने जुने उत्तर जपून ठेवून चालत नाही, डिस्कवरील मजकूर खरोखर वाचावाच लागतो. मोठे बहुमत आपल्या विरुद्ध गेले, तर सर्व्हर इतरांकडून चांगली प्रत मागवून दुरुस्ती करतो. कौल स्पष्ट नसेल, तर मात्र यंत्र स्वतः निर्णय घेत नाही, माणसाला इशारा देते. माझ्या मते या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे, आणि तो इशारा वाचण्याची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नसेल तर ती वाया जाते.

म्हणून देखरेख करताना प्रत्येक संचासाठी शेवटचे मतदान कधी पूर्ण झाले, त्यात किती सर्व्हरांनी भाग घेतला आणि त्यांपैकी किती सहमत झाले, हे पाहावे. पुरेसे मतदार न मिळाल्याने रखडलेले मतदान विशेष काळजीचे असते, कारण त्यात चूक अशी काहीच दिसत नाही आणि तपासणीही झालेली नसते. एकाच सर्व्हरवर वारंवार दुरुस्त्या होऊ लागल्या, तर डिस्क खराब होत असल्याची शंका घेऊन ती आधीच तपासून घ्यावी. डिस्कवरील मोकळी जागा पाहावी, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मतदानाला फार वेळ लागतो. ते रोज घेता येणार नाही का?

उत्तर : हा संथपणा हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. २००३च्या मूळ शोधनिबंधात एका संचासाठी दोन मतदानांमध्ये साधारण ३ महिन्यांचे अंतर धरले होते. मतदानाची गती मर्यादित असल्यामुळे जाळ्यात शिरलेल्या हल्लेखोराला सगळ्या प्रती झटपट बदलता येत नाहीत, आणि तो प्रयत्न करू लागला तर त्याच्या खुणा उमटायला अवधी मिळतो. त्यामुळे वेग वाढवण्यापेक्षा मतदाने ठरलेल्या अंतराने पूर्ण होत आहेत ना, याकडे लक्ष द्यावे.

मतदानातून न दिसणारी एक गोष्ट मात्र तुम्हालाच पाहावी लागेल. सगळे सर्व्हर एकाच इमारतीत किंवा एकाच व्यवस्थापकाच्या पासवर्डखाली असतील, तर प्रतींची संख्या मोठी असूनही धोका एकच राहतो. ‘लॉक्स’ प्रणालीच वापरणाऱ्या ‘क्लॉक्स’ या संस्थेने आपल्या संग्रहाच्या प्रती उत्तर अमेरिका, युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातील १२ ठिकाणी ठेवल्या आहेत, त्यामागे हाच विचार आहे. तुमच्या जाळ्यातील प्रत्येक सर्व्हर कोठे आहे, त्याची सूत्रे कोणाकडे आहेत आणि इशाऱ्याची ई-मेल कोणाला जाते, याची नोंद करावी. ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा बदलून गेली, तर नवा पत्ता त्याच आठवड्यात नोंदवून घ्यावा.