अंगभर, पण मोकळं

प्रश्न: ताई, मे महिन्यात मी आणि माझे यजमान ओमान आणि जॉर्डनला जाणार आहोत. मला घाम फार येतो. उन्हाळ्यात बिनबाह्यांच्या कपड्यांशिवाय मला चालतच नाही. तिथे अंगभर कपडे घालून जीव घुसमटेल, अशी धास्ती वाटते. अबाया, म्हणजे तिथल्या बायकांचा अंगभर सैल झगा, विकत घ्यावा का? डोकं सतत झाकायचं का? यजमानांना तर हाफ पँटच लागते.

उत्तर: तुमची धास्ती मला पुरती कळते. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात मी पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटणारा पॉलिएस्टरचा टॉप आणि घट्ट पँट घालून निघाले होते. दुपारपर्यंत काखेत घामोळ्यांनी आग होऊ लागली आणि एका मशिदीच्या दाराशी, कपडे घट्ट आहेत म्हणून मला आत सोडलं नाही. अंग तर सगळं झाकलेलं होतं! तेव्हापासून कपडा घेताना मी आधी एवढंच बघते, की कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळते का.

वाळवंटातले लोक भर उन्हात काळे झगे कसे घालतात, याचं मला फार नवल वाटायचं. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी हेच तपासलं. तुमच्या जॉर्डनच्या शेजारी, नेगेवच्या वाळवंटात, त्यांनी एका माणसाला दुपारी कधी काळ्या, कधी पांढऱ्या बेदूइन झग्यात (बेदूइन म्हणजे वाळवंटातले भटके अरब) उभं केलं. काळं कापड जास्त तापलं, पण ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचलीच नाही. सैल झग्याखालून वाहणाऱ्या हवेनं ती बाहेर नेली. म्हणजे रंगाची चिंता करू नका, सैलपणाची करा. उघड्या दंडावर तर ऊन थेट पडतं. सैल बाहीखाली दंड सावलीत राहतो.

कापड सुती किंवा लिनन घ्या. पण फार पातळ पांढरं सुती कापड टाळा. ते घामानं भिजलं की आरपार दिसतं आणि भिजल्यावर उन्हालाही कमी अडवतं. कपडा आधी खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. मग तो घालून खाली बसा, हात वर करा, वाका. उभं असताना गुडघ्याखाली येणारा स्कर्ट बसल्यावर कुठे जातो आणि वाकल्यावर गळा किती उतरतो, ते आरशात घरीच कळलेलं बरं. मांड्या घासत असतील तर आतून सुती सायकलिंग शॉर्ट्स घाला. माझा तर त्याशिवाय दिवस जात नाही.

या दोन्ही देशांत पर्यटक बायकांनी रस्त्यावर डोकं झाकायची सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे मात्र मनापासून पाळा. ती माणसं आपल्याला त्यांच्या गावात वावरू देतात, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. मशिदीची गोष्ट वेगळी. ओमानमध्ये मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत केस झाकलेले, बाह्या मनगटापर्यंत आणि खालचा कपडा घोट्यापर्यंत लागतो. मुस्लिमेतरांना ती शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ एवढाच वेळ खुली असते, म्हणून आदल्या रात्रीच कपडे काढून ठेवा. तेवढ्यासाठी अबाया विकत घ्यायची गरज नाही. जॉर्डनमध्ये अम्मानच्या किंग अब्दुल्ला मशिदीत तर पाहुण्या बायकांना तो तिथेच घालायला देतात.

पर्समध्ये दोन मीटरची मऊ सुती ओढणी कायम असू द्या. सॅटिनची नको, ती केसांवरून घसरते आणि सगळा वेळ तिलाच धरण्यात जातो. मला एका अनोळखी आजींनी मशिदीच्या पायरीवर शिकवलं होतं. त्यांनी माझी ओढणी सोडवली, एक टोक आखूड आणि एक लांब ठेवलं, लांब टोक हनुवटीखालून फिरवून दुसऱ्या खांद्यावर आणलं आणि स्वतःच्या कपड्याची पिन काढून तिथे टोचली. दुपारभर ती हलली नाही. हीच ओढणी उन्हात मानेवर येते आणि एसीच्या गारठ्यात खांद्यावर.

एक अपवाद लक्षात ठेवा. जॉर्डनमधल्या पेट्रात, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीत, वरच्या मठापर्यंत सुमारे ८०० पायऱ्या आहेत. तिथे घोळदार लांब स्कर्ट पायात येतो. त्या दिवशी सैल पँट आणि मांडीपर्यंतचा कुर्ता घाला.

यजमानांनाही सांगा, हाफ पँट हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापाशी ठीक आहे. बाजारात लिननची सैल पूर्ण पँट घालू द्या, दोन दिवसांत त्यांनाच ती बरी वाटेल. आणि दोघांनीही चटकन काढता येणारे बूट घ्या, खिशात मोजे ठेवा. मशिदीत अनवाणी जावं लागतं आणि मे महिन्यात अंगणातल्या फरशीनं तळपाय भाजतात.